नवे ससे घरी आणल्यावर त्यांचं खाद्य कसं बदलायचं

नवे ससे आणले की पहिल्या पंधरवड्यात एखादा दगावतो आणि घरातले म्हणतात, 'त्याला इथली हवा मानवली नाही.' हवेचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा पोट बिघडलेलं असतं, आणि ते बिघडतं आपण कौतुकानं पुढे केलेल्या खाण्यामुळे. पहिल्याच संध्याकाळी गाजर, कोबीची पानं, भिजवलेला हरभरा, पोळीचा तुकडा आणि वर दुकानदारानं 'ही चांगली आहे' म्हणून दिलेली नवी गोळी, म्हणजे सशाचं दाबून केलेलं तयार खाद्य. ही मरतूक टाळता येते. त्यासाठी औषध लागत नाही. दोन आठवड्यांचा धीर, एक साधा वजनकाटा आणि रोज सकाळी लेंड्या नीट बघायची सवय, एवढ्यावर काम भागतं.

पोटात काय चालतं

सशाचं लहान आतडं संपतं तिथे एक मोठी पिशवी असते. तिला अंधांत्र म्हणतात. पोटात एका वेळी जेवढं खाद्य असतं, त्याचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या या पिशवीत असतो. तिथे जिवाणू चाऱ्यातला तंतू आंबवतात. त्यातून तयार झालेला माल मऊ लेंड्यांच्या रूपानं बाहेर येतो आणि ससा तो गुदद्वाराला तोंड लावून थेट गिळतो. नवख्या माणसाला हे किळसवाणं वाटतं, पण यातूनच सशाला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. गाय रवंथ करून जे साधते, ते ससा असं साधतो. त्याला यापासून अडवू नका.

गोबरगॅसची टाकी ज्यांच्या दारात आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. टाकीला रोज शेण मिळतं तोवर ती नीट चालते. एके दिवशी त्यात शिळा भात आणि पिठाची खरकटी बादलीभर ओतली, तर ती आंबट होते आणि गॅस बंद पडतो. अंधांत्राचंही तसंच. रोजच्या खाद्यावर पोसलेले जिवाणू तिथे वस्तीला असतात. खाद्य एकदम बदललं, त्यातही धान्याचा स्टार्च एकदम वाढला, की हे जिवाणू मागे पडतात आणि क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक जिवाणू माजतात. मग वायू धरतो, विष तयार होतं, जुलाब लागतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत बाहेर यायला वाट नाही. लहान पिल्लू अशा वेळी एका दिवसात जातं.

दूध सुटण्याच्या वयातली पिल्लं सगळ्यात नाजूक. आईच्या दुधावर असताना पिल्लाच्या जठरात आम्ल कमी असतं आणि दुधातले घटक त्याला जिवाणूंपासून सांभाळतात. दूध तुटलं की ते संरक्षण जातं, आणि मोठ्या सशासारखं तीव्र आम्ल तयार व्हायला मात्र काही दिवस लागतात. नेमक्या याच दिवसांत पिल्लं बाजारात येतात, टोपलीत बसून प्रवास करतात आणि नव्या घरी नवं खाद्य खातात. शक्य असेल तर ८ आठवड्यांखालचं पिल्लू घेऊच नका. दिसायला गोंडस असतं, पण पहिल्यांदाच ससे पाळणाऱ्यानं ती जोखीम पत्करू नये असं माझं ठाम मत आहे.

विकत घेतानाच विचारायचं

पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याला विचारा: खायला काय देता, दिवसातून कितीदा, किती वजनाचं, हिरवा चारा कोणता, पाणी निपलच्या बाटलीनं की भांड्यात? 'सगळं खातात' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. पिंजऱ्यातलं भांडं स्वतः बघा, त्यातलं खाद्य हातात घ्या. गोळी आहे की भरडा (जाडसर दळलेलं धान्य), हे तिथेच कळतं. मग त्याच पोत्यातलं खाद्य विकत मागा. मोठ्या सशामागे १ किलो घेतलं तर पुरतं. हिशोब सोपा आहे. फार्मवरचा अडीच-तीन किलोचा ससा दिवसाला साधारण १०० ग्रॅम गोळी खातो. खाली दिलेल्या पद्धतीनं १२ दिवसांत त्याला जुनी गोळी जेमतेम ७५० ग्रॅम लागते. उरलेली राखून ठेवा. मध्येच मागे फिरायची वेळ आली तर तीच कामाला येते.

विक्रेता देत नसेल तर निदान पोत्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. त्यावर प्रथिनं आणि तंतू किती टक्के ते लिहिलेलं असतं. नवं खाद्य त्याच्या जवळपासचं निवडलं की बदलाचा धक्का कमी बसतो.

इथेच एक सांगून टाकतो. शेतात नांगरताना किंवा ऊस तोडताना सापडलेलं रानसशाचं पिल्लू हा वेगळा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो पाळता येत नाही, आणि पिंजऱ्यात सहसा जगतही नाही. सापडलं तर होतं तिथेच ठेवा. त्याची आई सहसा अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. हा लेख पाळीव सशांसाठी आहे, म्हणजे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात ते संकर.

पहिले तीन दिवस

घरी आणलं की पिंजरा सावलीत, शांत जागी ठेवा. कुत्रा तिथे फिरकू देऊ नका, मुलांनाही दोन दिवस दुरूनच बघू द्या. आधीचे ससे असतील तर नव्यांना किमान दोन आठवडे वेगळं ठेवा आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी करा.

खायला तीनच गोष्टी: वाळलेलं गवत हवं तेवढं, जुनं खाद्य नेहमीच्या मापानं किंवा त्याहून थोडं कमी, आणि पाणी. भाजी, फळ, गूळ, बिस्किट, काहीच नाही. प्रवासातून आलेला ससा धास्तावलेला असतो आणि धास्तीनंच त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. अशा पोटावर नवीन काही टाकायचं नाही.

पाण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. भांड्यातून प्यायची सवय असलेल्या सशासमोर निपलची बाटली लावली तर तो बाटलीखाली तहानलेला बसून राहतो. पाणी नाही म्हणून खात नाही, आणि आपल्याला वाटतं खाद्य आवडलं नाही. दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, कोरडं खाद्य असेल आणि उन्हाळा असेल तर जास्त. पहिले काही दिवस बाटली आणि भांडं दोन्ही ठेवा. भांडं मातीचं, जड, बुडाला रुंद असं घ्या, म्हणजे उलटं होत नाही. बाटलीतलं पाणी किती उतरलं त्यावर पेननं खूण करत जा.

रोज एकाच वेळी वजन करा. भाजीवाल्याकडे असतो तसा साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि वर एक घमेलं, एवढं पुरे. पहिल्या दिवशी थोडं वजन उतरतं, त्यानं घाबरू नका. तिसऱ्या दिवशीही उतरतच असेल, तर खाद्य बदलायला सुरुवात करू नका.

गोळी बदलायची तर

चौथ्या दिवशी ससा नीट खात असेल आणि लेंड्या चांगल्या असतील तर सुरुवात करा. तीन भाग जुनं, एक भाग नवं, असं तीन दिवस. मग अर्धं-अर्धं तीन दिवस. मग एक भाग जुनं, तीन भाग नवं, पुन्हा तीन दिवस. तेराव्या दिवशी पूर्ण नवं. माप मुठीनं घेऊ नका, वजनानं घ्या, कारण दोन कंपन्यांच्या गोळ्यांची घनता सारखी नसते. १०० ग्रॅमचं माप असेल तर पहिल्या टप्प्यात ७५ ग्रॅम जुनी आणि २५ ग्रॅम नवी.

दोन्ही गोळ्या हातानं चांगल्या कालवा. तरीही काही ससे निवडून खातात. पुढच्या पायांनी भांडं उकरून ओळखीची गोळी तेवढी उचलतात आणि सकाळी भांड्याच्या तळाशी नवी गोळी जशीच्या तशी पडलेली असते. असं झालं तर उपाशी ठेवून खायला लावू नका. ससा बारा तास उपाशी राहणं हीच धोक्याची गोष्ट आहे. दोन्ही गोळ्या जाडसर कुटून एकत्र करा, किंवा नव्या गोळीचं प्रमाण आणखी खाली आणा आणि तिथे चार-पाच दिवस थांबा.

वर दिलेले दिवस मोठ्या, निरोगी सशासाठी आहेत. तीन महिन्यांखालचं पिल्लू, नुकती व्यालेली मादी किंवा लांबच्या प्रवासातून आलेला ससा असेल तर प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा करा. जास्त दिवस लावल्यानं काहीच बिघडत नाही.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ससे भरड्यावर वाढलेले असतात. मका, गहू, भुईमुगाची पेंड, कोंडा असं घरीच भरडून देतात. अशा सशाला गोळीवर आणताना अडचण वेगळी असते. भरड्याची बारीक धूळ नाकात जाते म्हणून तो पाणी शिंपडून ओलसर देतात, आणि सशाला त्या ओलाव्याची सवय झालेली असते. कोरडी गोळी तो हुंगतो आणि सोडून देतो. सुरुवातीला गोळी कुटून त्याच ओलसर भरड्यात मिसळा, आठवडाभरानं पाणी कमी करत जा, मग गोळी अख्खी ठेवा. ओलं खाद्य सकाळी उरलं तर फेकून द्या. उन्हाळ्यात ते दोन-तीन तासांतच आंबतं.

उलटा प्रकारही असतो. खेड्यातून आणलेला ससा फक्त गवत आणि पाल्यावर वाढलेला असतो आणि त्याला गोळी माहीतच नसते. त्याचं गवत कमी करू नका. दिवसाला १० ग्रॅम गोळीपासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी ५ ते १० ग्रॅम वाढवा. हौसेखातर पाळलेल्या मोठ्या सशाला किलोमागे २० ते २५ ग्रॅम गोळी भरपूर होते, बाकी पोट गवतानं भरलं पाहिजे. फार्मवरचं १०० ग्रॅमचं माप घरच्या सशाला कायम ठेवलं तर तो लठ्ठ होतो आणि गवताकडे बघत नाही.

लेंड्या वाचायच्या

खाद्याचं प्रमाण पुढे न्यायचं की नाही, हे कॅलेंडर ठरवत नाही, लेंड्या ठरवतात. पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र अंथरा आणि ते रोज सकाळी बदला, म्हणजे रात्रभरातल्या लेंड्या एका नजरेत दिसतात.

चांगली लेंडी गोल, साधारण हरभऱ्याएवढी, कोरडी, मातकट किंवा हिरवट तपकिरी असते. एक उचला आणि दोन बोटांत चुरा. ती सहज फुटते आणि आत गवताचे बारीक तुकडे दिसतात. वास जवळजवळ नसतो. मोठा ससा दिवसाकाठी अशा दोनशेच्या आसपास लेंड्या टाकतो. मोजत बसायची गरज नाही, कागदावरचा ढीग नेहमीएवढा आहे का ते बघायचं.

लेंड्या बारीक, काळपट, कडक आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या तर ससा कमी खातोय किंवा कमी पाणी पितोय. आहात त्या टप्प्यावर थांबा, गवत वाढवा, पाणी बघा. लेंड्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या तर केस गळतीचा काळ आहे, अंग विंचरून द्या.

एकमेकींना चिकटलेल्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या गोळ्यांचा झुबका सकाळी पडलेला दिसला की लोक जुलाब समजून घाबरतात. हा तोच मऊ माल, जो सशानं खायला हवा होता. एखाद्या दिवशी दिसला तर काळजी नाही. रोजच दिसू लागला, किंवा शेपटीखाली लडबडून राहिला, तर खुराक जास्त झालाय. गोळी एका टप्प्यानं मागे घ्या आणि सशाचं वजनही बघा, कारण फार जाड ससा वाकून तिथवर पोचू शकत नाही.

पाण्यासारखा जुलाब किंवा लेंड्यांऐवजी नुसता शेंबडासारखा चिकट द्रव, हे दिसल्यावर मात्र नुसतं थांबून बघायचं नाही. तसंच दहा-बारा तासांत एकही लेंडी नाही, ससा कोपऱ्यात पाठ फुगवून बसलाय, दात करकरतोय, पोट हाताला ताठ लागतंय, कान गार पडलेत. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. कान गार असतील तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पोट फुगलेलं असताना तोंडात काही कोंबू नका. एरंडेल, सोडा, ओव्याचा अर्क असले घरगुती प्रयोग नकोत.

डॉक्टरांना फोन करताना पहिल्याच वाक्यात 'ससा आहे' असं सांगा. गाई-म्हशींवर आणि कुत्र्या-मांजरांवर सर्रास चालणारी काही अँटिबायोटिक्स सशाला तोंडावाटे दिली तर जीव घेतात: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन. ती अंधांत्रातले चांगले जिवाणू मारतात. औषधाच्या दुकानातून गोळी आणून स्वतःच अर्धी देणं तर अजिबात नको. तरुण पिल्लांत कॉक्सिडिया हे परजीवीही जुलाबाचं मोठं कारण असतं, ते लेंड्या तपासून कळतं. म्हणून जाताना वर्तमानपत्रातल्या ताज्या लेंड्या डबीत घालून न्या.

हिरवा चारा

गोळीचा बदल पूर्ण होऊन आठवडाभर सगळं ठीक चाललं की मग हिरव्याकडे वळा. दोन बदल एका वेळी करू नका, नाहीतर पोट बिघडल्यावर कशानं बिघडलं ते कळत नाही. याच कारणानं जंताचं औषध, जोडी लावणं, पिंजरा बदलणं हेही या दिवसांत टाळा.

सुरुवात गवतापासून. हरळी, मारवेल, पवन्या, कोवळं हत्तीगवत, मक्याची वैरण. पहिल्या दिवशी मूठभर, मग तीन दिवसांत दुप्पट. सकाळी कापलेलं गवत सावलीत पसरून दुपारपर्यंत कोमेजू द्या आणि संध्याकाळी टाका. दवानं किंवा पावसानं भिजलेला चारा तसाच टाकला, किंवा ढीग करून ठेवल्यानं तो आतून तापला, की पोटफुगी ठरलेली. गवत पचलं की कोथिंबीर, गाजराचा आणि मुळ्याचा पाला, थोडी मेथी. प्रत्येक नव्या पाल्याला दोन-तीन दिवस द्या. कोबी अगदी थोडा. गाजर म्हणजे सशाचं मुख्य अन्न हा समज चित्रांतून आलाय. त्यात साखर भरपूर, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे.

लसूणघास सगळ्यात शेवटी. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून वाढती पिल्लं, गाभण आणि पाजणारी मादी यांना ती उत्तम. नुसत्या बसून असलेल्या मोठ्या सशाला रोज पोटभर दिली तर जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, लघवी चुन्यासारखी पांढरी, गढूळ होते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. सुबाभूळ आवडीनं खातात, पण त्यातल्या मिमोसिननं केस गळतात, तेव्हा एकूण हिरव्यात ती थोडीच असावी. कोवळी हिरवी ज्वारी नकोच. तिनं जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, कांदा-लसणाची पात, बटाट्याचा पाला हे पिंजऱ्याच्या आसपासही नको. फवारणी झालेल्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार असलं तरी सोडून द्या.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात परदेशी टिमोथी घास मिळते. चांगली असते, महागही असते. आपलं मारवेल किंवा हरळी स्वच्छ वाळवून ठेवली तर काम तेच होतं. भाताचा पेंढा मात्र खाद्य म्हणून धरू नका. खाली अंथरायला तो छान.

पोतं निवडताना आणि ठेवताना

ससा मिळतोय पण सशाची गोळी गावात मिळत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून लोक कोंबडीचं खाद्य किंवा गाईची गोळीपेंड आणतात. दोन्ही नको. कोंबडीच्या खाद्यात कॉक्सिडियासाठी औषधं घातलेली असू शकतात, आणि नॅरासिनसारखी त्यातली काही सशाला विषारी आहेत. गोळीपेंडीत युरिया असू शकतो. सशाची गोळी मिळेपर्यंत चांगलं गवत, थोडा गव्हाचा कोंडा आणि चार भिजवलेले हरभरे यावर ससा सुखानं राहतो. रंगीबेरंगी तुकड्यांचं, बियांचं मिश्रण असलेली पाकिटंही टाळा. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो.

गोळीच्या चिठ्ठीवर वाढत्या पिल्लांसाठी प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास आणि तंतू किमान १४ टक्के बघा. घरच्या मोठ्या सशासाठी तंतू १८ टक्क्यांच्या वर असेल तर चांगलं, प्रथिनं कमी चालतात. तारीख बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोळी घेऊ नका.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात खाद्य बदलायची वेळ आली तर शक्यतो पुढे ढकला. पारा तिशीपार गेला की ससा आधीच कमी खातो, मग नव्या गोळीला तोंड लावत नाही आणि कारण कशात शोधावं ते समजत नाही. बदलायचंच असेल तर खाद्य संध्याकाळी उन्हं उतरल्यावर टाका. तसाही ससा मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे खातो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बुरशीचा त्रास. मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, महिनाभरात संपेल एवढंच आणा. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा. रोजचं लागणारं घट्ट झाकणाच्या डब्यात काढा आणि डबा रिकामा झाला की पुसून, उन्हात वाळवून मगच भरा. गोळ्यांचे गठ्ठे झाले असतील, कुबट वास येत असेल किंवा तुकडा मोडल्यावर आत पांढरट-हिरवट दिसत असेल, तर चाळून, उन्हात घालून ती पुन्हा वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्यानं जात नाही. भुईमुगाच्या पेंडीत हा धोका सगळ्यात जास्त, म्हणून घरी भरडा करणाऱ्यांनी पेंड ताजीच घ्यावी आणि पावसाळ्यात थोडी-थोडी आणावी.